आहार-प्रश्नोत्तरे : पेरू घ्यावा की सफरचंद?

हिवाळा सुरू झाला की मृग बहाराचे पेरू बाजारात येतात, आणि त्याच हातगाडीवर काश्मीर व हिमाचलातील सफरचंदेही मांडलेली असतात. या दिवसांत आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत या दोन फळांची तुलना हमखास असते. या अंकासाठी त्यांतील निवडक पत्रे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण त्यातील प्रश्न असंख्य घरांचा आहे असे आम्हाला वाटते.

प्रश्न : माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. शाळेत झालेल्या तपासणीत तिचे हिमोग्लोबिन १०.४ निघाले. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या असून आहारात फळे वाढवण्यास सांगितले आहे. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात की तिला रोज एक सफरचंद द्यावे. त्यात लोह भरपूर असते आणि म्हणूनच ते चिरून ठेवले की तांबूस पडते. आमच्या परसात पेरूचे झाड आहे आणि सफरचंद त्या मानाने फार महाग पडते. तरीही मुलीच्या प्रकृतीचा प्रश्न असल्याने खर्चाला आमची ना नाही. या दोहोंत खरोखर अधिक पौष्टिक फळ कोणते?
— एक गृहिणी, सातारा जिल्हा

उत्तर : आपल्या मुलीसाठी परसातील पेरूच अधिक उपयोगाचा आहे. मात्र तो केव्हा आणि कशासोबत दिला जातो, यावर त्याचा बराचसा उपयोग अवलंबून आहे; म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम लोहाविषयी. चिरलेले सफरचंद तांबूस पडते याचा लोहाशी काहीही संबंध नाही. सफरचंदाच्या गरात पॉलिफेनॉल या वर्गातील द्रव्ये असतात आणि त्याच गरात एक विकर, म्हणजे एन्झाइम, असते. फळ चिरल्यावर पेशी फुटतात, ही दोन्ही एकत्र येतात, हवेतील प्राणवायूशी त्यांची क्रिया होते आणि तपकिरी रंग तयार होतो. वांगे किंवा बटाटा चिरून ठेवल्यावर काळा पडतो, तोही याच कारणाने. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या अन्नघटक तक्त्यांनुसार १०० ग्रॅम सफरचंदात सुमारे ०.१२ मिलिग्रॅम लोह असते आणि १०० ग्रॅम पेरूत सुमारे ०.२६ मिलिग्रॅम. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये केलेल्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळायला हवे. या गरजेपुढे ही दोन्ही फळे लोहाचे स्रोत म्हणून मोजण्यासारखीही नाहीत. लोह येते ते बाजरी, नाचणी, कडधान्ये, हिरव्या पालेभाज्या, अळीव, तीळ आणि मांसाहार करणाऱ्यांच्या बाबतीत मांस-मासळी यांतून.

असे असूनही पेरू महत्त्वाचा का ठरतो? याचे कारण क जीवनसत्त्व. त्याच तक्त्यांनुसार १०० ग्रॅम पेरूत सुमारे २२८ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते, तर तेवढ्याच सफरचंदात अवघे ४.६ मिलिग्रॅम. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटकांच्या तक्त्यांतही पांढऱ्या आणि गुलाबी अशा दोन्ही गरांच्या पेरूंत हे प्रमाण १०० ग्रॅमला २०० मिलिग्रॅमच्या वरच आढळले आहे. प्रौढ स्त्रीची क जीवनसत्त्वाची दिवसाची शिफारस ६५ मिलिग्रॅम आहे. ती लहानशा अर्ध्या पेरूत पूर्ण होते; केवळ सफरचंदातून ती पूर्ण करायची म्हटली तर जवळजवळ दीड किलो सफरचंदे खावी लागतील. आपल्याकडे संत्रे आणि मोसंबी ही क जीवनसत्त्वाची फळे म्हणून ओळखली जातात, पण पेरू त्यांच्याही कितीतरी पुढे आहे, हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही.

आता या जीवनसत्त्वाचा रक्ताशी संबंध पाहू. धान्ये, डाळी आणि भाज्यांतील लोह शरीराला सहज घेता येत नाही. धान्यांत आणि कडधान्यांत फायटेट नावाचे द्रव्य असते, चहात टॅनिन असते. ही द्रव्ये लोहाला बांधून ठेवतात आणि ते बरेचसे तसेच बाहेर टाकले जाते. क जीवनसत्त्व त्याच वेळी पोटात असेल तर ते लोहाचे रूप बदलते, त्याला विरघळलेल्या अवस्थेत ठेवते आणि आतड्याला ते शोषून घेता येते. राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलामुलींवर केलेला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आपल्या प्रश्नाला अगदी नेमका लागू पडतो. या मुलांना एकदा भाताचे नेहमीचे जेवण देण्यात आले आणि एकदा त्याच जेवणासोबत १०० ग्रॅम पेरू देण्यात आला. नुसत्या जेवणातून मुलींच्या शरीरात सरासरी ९.७ टक्के लोह शोषले गेले होते. पेरूसह घेतलेल्या जेवणातून ते प्रमाण २३.९ टक्क्यांवर गेले. मुलांमध्येही ते दुपटीहून अधिक झाले. ताटातील अन्न तेच, त्यातील लोहही जवळपास तेवढेच. तरी शरीराच्या वाट्याला आलेले लोह मात्र दुपटीहून जास्त. हा अभ्यास छोट्या गटावर झाला असला तरी त्यामागील तत्त्व अनेक दशकांपासून सर्वमान्य आहे.

यावरून व्यवहारात काय करावे हे ठरते. पेरू दुपारी चार वाजता वेगळा देऊ नये, जेवणासोबतच द्यावा. मुलगी डबा नेत असेल तर भाजी-पोळीच्या डब्यातच पेरूच्या फोडी द्याव्यात. घरी जेवताना पेरूची कोशिंबीर करावी. मात्र ती दह्यातली करण्याऐवजी लिंबू पिळून, कोथिंबीर आणि थोडे दाण्याचे कूट घालून केलेली बरी, कारण दुधादह्यातील कॅल्शियम लोहाच्या शोषणात काहीसा अडथळा आणते. दही दुसऱ्या वेळच्या खाण्यात घ्यावे, ते बंद करण्याचे कारण नाही. पिकलेल्या पेरूची गूळ घालून केलेली भाजी चवीला छान लागते, परंतु शिजवताना क जीवनसत्त्वाचा बराच भाग नष्ट होतो, त्यामुळे या कामासाठी पेरू कच्चाच, म्हणजे न शिजवता, खायला हवा. गोव्यात आणि सिंधुदुर्गात पेरूचा गर साखरेत आटवून जे पेराड करतात, त्याची गणना गोड पदार्थांतच करावी. जेवणाच्या आधी आणि नंतर किमान तासभर चहा घेऊ नये. दहावी-बारावीच्या मुलामुलींना अभ्यासासाठी म्हणून जेवणानंतर लगेच चहा देण्याची पद्धत अनेक घरांत दिसते. ती लोहाच्या दृष्टीने अतिशय नुकसानकारक आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. या वयाच्या मुलीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर त्याला रक्तक्षय म्हणतात आणि १०.४ हा आकडा केवळ आहार सुधारून थांबण्यासारखा नाही. पेरू हा गोळ्यांना पर्याय नाही. गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तितके महिने चालू ठेवाव्यात, त्या दूध किंवा चहाबरोबर घेऊ नयेत, आणि जंतांचे औषध दिले गेले आहे का हेही विचारून घ्यावे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षय असलेल्या आढळल्या. ज्या राज्यात निम्म्याहून अधिक स्त्रियांची ही स्थिती आहे, त्या राज्यात पेरूसारखे फळ परसात असूनही त्याला गौण मानून महागडे सफरचंद आणण्याची धडपड केली जाते, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते.

इतर घटकांतही पेरू बहुतेक ठिकाणी पुढे आहे. १०० ग्रॅममध्ये पेरूत प्रथिने सुमारे २.५ ग्रॅम, तर सफरचंदात ०.३ ग्रॅमच्या आसपास. तंतुमय पदार्थ पेरूत ५.४ ग्रॅम आणि सालीसह सफरचंदात २.४ ग्रॅम, फोलेट, जे रक्तपेशी तयार होण्यासाठीच लागते, पेरूत ४९ मायक्रोग्रॅम आणि सफरचंदात केवळ ३. गुलाबी गराच्या पेरूत टोमॅटोप्रमाणे लायकोपीन हे रंगद्रव्यही असते. उष्मांक पेरूत ६८ आणि सफरचंदात ५२, म्हणजे सफरचंद थोडे हलके आहे, पण हा फरक रोजच्या आहारात महत्त्वाचा ठरावा इतका मोठा नाही.

मग सफरचंदाला एवढी प्रतिष्ठा कशी मिळाली? रोज एक सफरचंद खाल्ले की डॉक्टरची गरज पडत नाही, ही म्हण आपल्याकडे इंग्रजीतून आली. तिचा सर्वांत जुना छापील उल्लेख १८६६ मधील असून तो वेल्समधील पेम्ब्रोकशायर परगण्यातील आहे. तिथल्या कडक हिवाळ्यात तळघरात महिनोन्महिने टिकणारे सफरचंद हेच सामान्य माणसाचे फळ होते, आणि त्या परिस्थितीत ही म्हण अगदी योग्य होती. ज्या प्रदेशात बारा महिने एकामागून एक ताजी फळे येतात, तिथे ती जशीच्या तशी लागू करण्याची गरज नव्हती. त्यातच आपल्याकडे सफरचंद दुरून येणारे आणि महाग, म्हणून आजाऱ्याला भेटायला जाताना तेच नेण्याचा रिवाज पडला, आणि आजाऱ्याला देतात ते ताकदीचे, अशी समजूत त्यातून दृढ झाली. म्हणून सफरचंद निकृष्ट आहे असे मात्र कोणी समजू नये. त्याच्या सालीत क्वेर्सेटिनसारखी उपयुक्त द्रव्ये असतात, त्यातील पेक्टिन हा विरघळणारा तंतू पोटाला सौम्य असतो, ते लवकर खराब होत नाही आणि वाफवले की लहान बाळालाही देता येते. घरी आले तर आनंदाने खावे. मुलीसाठी त्याच्यावर वेगळा खर्च करण्याचे कारण नाही. त्या पैशांत अंडी, तीळ, अळीव किंवा पालेभाजी आणली तर तिला अधिक लाभ होईल.

प्रश्न : मला मधुमेह आहे. पेरू गोड असतो म्हणून मी तो सोडला आणि रोज एक सफरचंद खातो. हे योग्य आहे का?
— एक निवृत्त शिक्षक, नागपूर

उत्तर : पेरू सोडण्याची आवश्यकता नव्हती. १०० ग्रॅम पेरूत सुमारे ९ ग्रॅम साखर असते आणि तेवढ्याच सफरचंदात सुमारे १०.४ ग्रॅम; शिवाय पेरूत तंतुमय पदार्थ दुपटीहून अधिक असल्याने ती साखर रक्तात सावकाश उतरते. सफरचंदही रक्तातील साखर झपाट्याने वाढवणाऱ्या फळांपैकी नाही, त्यामुळे आपण आजवर काही अपाय करून घेतलेला नाही. लक्ष द्यावे लागते ते वजनाकडे. ‘एक फळ’ हे माप आता भरवशाचे राहिलेले नाही. गावठी पेरू १०० ग्रॅमच्या आत असतो, पुण्याच्या गणेशखिंड येथील फळसंशोधन केंद्रात निवडलेल्या आणि आज देशभर पसरलेल्या सरदार ऊर्फ लखनौ-४९ या वाणाचे फळ साधारण १५० ते २०० ग्रॅमचे भरते, आणि छत्तीसगडमधून आलेल्या बिही जातीचे एकच फळ अर्धा किलोच्या पुढे जाऊ शकते. ते एका बैठकीत संपवले तर साखरेचे प्रमाण अर्थातच वाढणार. दिवसाला १०० ते १५० ग्रॅम फळ, तेही चावून खाल्लेले, हे प्रमाण आपल्याला सोयीचे पडेल. रस कोणत्याही फळाचा घेऊ नये, कारण तो गाळताना तंतू निघून जातात आणि साखर मात्र शिल्लक राहते. रक्तदाबही असेल तर पेरूवर तिखट-मीठ भुरभुरण्याची सवय सोडावी. गाडीवर लावतात ते मीठ अंदाजापेक्षा बरेच जास्त असते.

प्रश्न : पेरूच्या बिया आंत्रपुच्छात अडकतात किंवा त्यांचे मूतखडे होतात असे ऐकले आहे. शिवाय माझ्या आईला कवळी आहे. तिला पेरू कसा द्यावा?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : बियांचे मूतखडे होणे शक्यच नाही, कारण पचनमार्ग आणि मूत्रमार्ग या दोन वेगळ्या वाटा आहेत आणि गिळलेली बी एका वाटेवरून दुसऱ्या वाटेवर जात नाही. मूतखडे लघवीतील क्षार साठून होतात. आंत्रपुच्छात फळाची बी सापडल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत, परंतु त्या इतक्या विरळ आहेत की त्यासाठी फळ सोडणे शहाणपणाचे नाही. पेरूच्या बिया पचत नाहीत, त्या तशाच शौचावाटे बाहेर पडतात.

आपल्या आईसाठी पेरू उभा चिरून मधला बियांचा गाभा चमच्याने काढून टाकावा आणि सालीलगतचा गर पातळ फोडी करून द्यावा. यात नुकसान फारसे नाही, कारण पेरूतील क जीवनसत्त्व सालीत आणि तिच्या लगतच्या गरातच अधिक असते. फळ पिकलेले पण दाबल्यास पूर्ण मऊ न लागणारे निवडावे. फार पिकून मऊ झालेल्या पेरूतील क जीवनसत्त्व उतरणीला लागलेले असते. अर्धाकच्चा पेरू तुरट असतो आणि काहींना त्याने शौचास साफ होत नाही. सफरचंद द्यायचे असेल तर ते किसून किंवा वाफवून द्यावे. लहान मुलांच्या बाबतीतही एक सूचना येथेच देतो : चार वर्षांखालील मुलांना कच्च्या सफरचंदाच्या जाड फोडी देऊ नयेत, त्या घशात अडकण्याचा धोका असतो.

प्रश्न : थंडीत पेरू खाल्ल्याने मुलांना सर्दी-खोकला होतो का? सफरचंद त्या मानाने सुरक्षित आहे का?
— एक आई, बदलापूर

उत्तर : सर्दी विषाणूंमुळे होते आणि थंडीत माणसे बंद जागेत अधिक वेळ एकत्र राहत असल्याने ती अधिक पसरते. पेरूचा उत्तम हंगाम त्याच काळात असल्यामुळे दोष त्याच्या माथी आला आहे. उलट बाजूने, पेरू खाल्ला म्हणजे सर्दी होणारच नाही, असेही समजू नये. क जीवनसत्त्व नियमित घेणाऱ्यांची सर्दी किंचित लवकर बरी होते, एवढेच संशोधनातून दिसते. खोकला चालू असताना तुरट, अर्धाकच्चा पेरू घशाला टोचत असेल तर तेवढे दिवस थांबावे.

प्रश्न : सफरचंदाच्या सालीवर मेण लावतात म्हणून आम्ही साल काढूनच खातो. पेरूची सालही काढावी का? आणि पावसाळ्यातील पेरूत अळ्या निघतात, त्याचे काय?
— एक वाचक, पुणे

उत्तर : सफरचंदाची साल काढली की त्यातील तंतुमय पदार्थ २.४ ग्रॅमवरून १.३ ग्रॅमवर येतात आणि सालीतील उपयुक्त द्रव्येही जातात. मग त्या फळात पाणी आणि साखर यांपलीकडे फार थोडे उरते. काश्मीर आणि हिमाचलातील सफरचंदे मुख्यतः ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात उतरवली जातात. उन्हाळ्यात मिळतात ती बहुधा कमी प्राणवायूच्या थंड कोठारात ठेवलेली किंवा परदेशातून आलेली असतात. फळ सुकू नये म्हणून त्यावर मधमाशांचे मेण, कार्नोबा हे वनस्पतिजन्य मेण किंवा लाखेपासून केलेले मेण लावण्यास आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार परवानगी आहे आणि तसा उल्लेख लेबलवर करणे बंधनकारक आहे. ही मेणे अपायकारक नाहीत. वाहत्या पाण्याखाली फळ हाताने चोळून धुवावे, स्टिकर काढावा आणि सालीसह खावे.

पेरूची साल तर मुळीच काढू नये. कारण वर दिलेच आहे. पावसाळ्यातील अळ्या फळमाशीच्या असतात. ती माशी पिकू लागलेल्या फळात अंडी घालते, म्हणून बाहेरून फळ चांगले दिसले तरी आत अळी असू शकते. यासाठीच पुरंदर, राहाता अशा भागांतील अनेक बागायतदार झाडावरच प्रत्येक फळाला फोमची जाळी आणि पिशवी घालतात. त्यामुळे असा पेरू थोडा महाग मिळाला तर ती मजुरीची किंमत आहे, हे लक्षात घ्यावे. पावसाळ्यात पेरू न चिरता चावून खाण्याऐवजी चिरून, पाहून खावा, आणि चिरल्यावर लगेच खावा; फोडी तासन्‌तास उघड्या ठेवल्या की क जीवनसत्त्व कमी होत जाते.

प्रश्न : माझ्या वडिलांचे डायलिसिस चालू आहे. त्यांना पेरू अतिशय आवडतो, पण रुग्णालयात तो बंद करण्यास सांगितले आणि सफरचंद चालेल असे म्हटले. पेरू एवढा पौष्टिक असताना असे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : रुग्णालयाचा सल्ला योग्य आहे आणि तो काटेकोरपणे पाळावा. १०० ग्रॅम पेरूत सुमारे ४१७ मिलिग्रॅम पोटॅशियम असते, तर सफरचंदात सुमारे १०७ मिलिग्रॅम. निरोगी माणसाला पेरूतील हे पोटॅशियम हितकारक असते, कारण ते रक्तदाब काबूत ठेवण्यास मदत करते आणि जास्तीचे मूत्रपिंड बाहेर टाकते. आपल्या वडिलांची मूत्रपिंडे ते काम करू शकत नाहीत. दोन डायलिसिसच्या मधल्या काळात रक्तातील पोटॅशियम वाढत गेले तर हृदयाचे ठोके अनियमित होऊन जिवावर बेतू शकते, आणि अनेकदा त्याची आधी जाणीवही होत नाही. क जीवनसत्त्वाच्या गोळ्याही आपल्या मनाने देऊ नयेत. मूत्रपिंड निकामी असताना त्याचे जादा प्रमाण शरीरात ऑक्झलेट साठवते. सफरचंदही अमर्याद चालणार नाही. साल काढलेले अर्धे सफरचंद हे प्रमाण बहुतेक रुग्णांना चालते, परंतु आपल्या वडिलांसाठी नेमके किती, हे त्यांच्या ताज्या रक्ततपासणीवरून तेथील आहारतज्ज्ञांनीच ठरवावे. नारळपाणी आणि केळे यांबाबतही तोच नियम समजावा. आपल्याकडे आंबट म्हणून मीठ लावून आवडीने खाल्ले जाणारे करंबळ, ज्याला काही ठिकाणी कमरख म्हणतात, ते तर त्यांना एक फोडही देऊ नये. त्यात असे एक द्रव्य आहे जे मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या शरीरात साठून मेंदूवर परिणाम करते आणि त्याने उचक्या, भ्रम व झटके येतात.